बाईंना कुणी विचारलं का?

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी रोहे तालुक्यातल्या एका केंद्राच्या शिक्षण परिषदेसाठी मला बोलावणं आलं. विषय दिला होता ‘शिक्षकांचे ताणतणाव व्यवस्थापन’ आणि वेळ दिली होती पाऊण तास, जेवणाच्या आधीची. मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, दहा-बारा वर्षं बायकांच्या प्रश्नांवर काम करणारी. तेव्हा हा विषय मला येत असणार, असं बोलावणाऱ्यांनी धरून चाललं होतं. मीही तसंच धरून चालले होते.

चाळीसेक शिक्षक होते, त्यात निम्म्याहून जास्त शिक्षिका. मी त्यांना डोळे मिटायला लावले, दीर्घ श्वास घ्यायला लावला. फळ्यावर ताणाची लक्षणं लिहिली: झोप न लागणं, चिडचिड, पाठदुखी, छातीत धडधड. शेवटी, रोज वीस मिनिटं फक्त स्वतःसाठी काढा, असं सांगितलं. टाळ्या झाल्या. मला गुलाबाचं फूल आणि नारळ मिळाला.

बाहेर चपला घालत होते तेव्हा एक शिक्षिका जवळ आल्या. आवाजात राग नव्हता. म्हणाल्या, “ताई, ती वीस मिनिटं कुठून काढू तेवढं सांगा. मी पहाटे साडेचारला उठते.” मी काहीतरी उत्तर दिलं. काय ते आता आठवत नाही, इतकं ते पोकळ असणार. पलीकडे नळावर शाळेचं जेवण करणाऱ्या मावशी टोप घासत होत्या. त्यांनी मान वर करून विचारलं, “हे शिबिर फक्त बाईंसाठी होतं का? आम्हाला पण झोप येत नाय.”

मिनिडोरमधून घरी येताना हे दोन प्रश्न डोक्यातून जाईनात. मैत्रिणींनो, हा लेख त्या दोन प्रश्नांपायी लिहिते आहे.

मी राहते वरसे इथे. रोहे शहराला लागून असलेलं हे गाव आता नावापुरतंच गाव राहिलं आहे. एका बाजूला धाटावचे रासायनिक कारखाने, दुसऱ्या बाजूला रोह्याचा बाजार आणि स्टेशन. कंपनीत कामाला असणारे आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या जिल्हा परिषद शाळांत शिकवणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक इथे भाड्याने राहतात. आमच्याच इमारतीत तीन शिक्षिका आहेत. रोज सकाळी एकमेकींना दिसायचो, हसायचो. पण ‘बाई, तुम्ही कशा आहात?’ असं मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. परिषदेत भेटलेल्या त्या बाईंच्या घरी मात्र मी मुद्दाम गेले. एकदा गेले, मग पुन्हा पुन्हा गेले. त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही अशा बेताने, त्यांची हकिगत सांगते.

पहाटे साडेचारला उठायचं. पाणी भरायचं. नवऱ्याच्या पाळीप्रमाणे डबा, मुलांचे डबे, सासूबाईंचं पथ्याचं वेगळं. साडेआठला घर सोडायचं. मिनिडोर फाट्यापर्यंत जाते, पुढे अर्धा-पाऊण तास पायी. शाळेत दोन शिक्षक आणि पाच इयत्ता. दुसरे गुरुजी बैठकीला गेले की पाचही वर्ग बाईंकडे. स्वच्छतागृह आहे, पण पाणी नाही. म्हणून बाई दिवसभर पाणी पीत नाहीत आणि वर्षातून तीन-चार वेळा लघवीच्या जळजळीसाठी डॉक्टरकडे जातात. संध्याकाळी सातला घरी. स्वयंपाक. रात्री नऊला मोबाईल वाजतो: ‘उद्या सकाळी दहापर्यंत माहिती सादर करावी.’ कधी सरल, कधी यू-डायस, कधी मुलांची आधार जुळणी, कधी अपार. वाडीवर रेंज नसते, त्यामुळे हे काम घरीच करावं लागतं, मुलं झोपल्यावर.

यात आपल्याला नवीन असं काय आहे? नोकरी करणाऱ्या बाईचं दुहेरी ओझं आपण गेली चाळीस-पन्नास वर्षं मांडतो आहोत. मलाही वाटलं, हे तर आपल्याला ठाऊकच आहे. पण बाईंनी पुढे जे सांगितलं त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या शाळेतून पुढे गेलेल्या, आठवीतल्या एका मुलीचं लग्न ठरलं. मुलगी रडत बाईंकडे आली. बाईंनी १०९८ वर फोन केला. यंत्रणा हलली आणि लग्न थांबलं. कायद्याने झालं ते योग्यच झालं. पण फोन कुणी केला हे गुप्त राहायला हवं होतं, ते चार दिवसांत वाडीला कळलं. त्यानंतर पालकसभेला कुणी येईना. पाणी मागितलं तर दारातून आत जाणारी बाई बाहेर यायची नाही. ‘बाई उशिरा येतात’ असा अर्ज वर गेला आणि त्यावर बाईंकडून खुलासा मागवला गेला. घरी नवरा म्हणाला, “नसत्या भानगडीत कशाला पडलीस?”

त्यानंतर फाट्यावर मिनिडोर थांबली की बाईंच्या छातीत धडधडायला लागलं. हातापायाला घाम. रोह्याला डॉक्टरांनी ई.सी.जी. काढला, हृदय ठणठणीत. डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा म्हणून चिठ्ठी लिहून दिली. बाईंनी ती दवाखान्याच्या पायरीवरच फाडली. “शाळेत कळलं तर वेडी बाई म्हणतील. माझ्या वर्गात मुलांना कोण पाठवील?”

हे ऐकताना मला एक आठवलं आणि मान खाली गेली. ते लग्न थांबल्याची बातमी तेव्हा आमच्या संघटनेपर्यंत आली होती. आमच्या वार्षिक अहवालात ‘बालविवाह रोखले’ या मथळ्याखाली आम्ही ती मोजली होती. पण ज्या बाईने फोन केला तिच्याकडे आमच्यातली एकही जण गेली नाही. तिचं पुढे काय झालं, असं आम्ही विचारलंही नाही.

शिक्षिकांच्या मानसिक आरोग्याचा प्रश्न आपल्याही दाराशी येतो तो इथे. गावातली प्रत्येक चांगली गोष्ट शाळेतल्या बाईने करावी, असं सरकारला वाटतं आणि आपल्यालाही वाटतं. बालविवाह तिने रोखावा. मुलींशी पाळीबद्दल तिने बोलावं. मुलावर अत्याचार झाला तर तिने ओळखावा आणि कळवावा. २०१२ च्या पोक्सो कायद्याने तर हे कळवणं बंधनकारकच केलं आहे, न कळवल्यास शिक्षा आहे. हे असायलाच हवं, त्याबद्दल दुमत नाही. पण कळवून झाल्यावर त्याच रस्त्याने, त्याच लोकांमधून तिला दुसऱ्या दिवशी शाळेत जायचं असतं. त्या दुसऱ्या दिवसाची तजवीज कुठल्याही परिपत्रकात नाही, आणि आपल्याही कामाच्या आखणीत ती नाही.

राजस्थानातल्या भटेरी गावची साथिन भंवरीदेवी आपण कुणी विसरलेलो नाही. १९९२ साली सरकारच्याच महिला विकास कार्यक्रमाचं काम म्हणून तिने आपल्या गावातला बालविवाह अडवण्याचा प्रयत्न केला आणि त्याचा सूड तिच्या शरीरावर उगवला गेला. १९९५ साली खालच्या कोर्टाने बलात्काराच्या आरोपातून आरोपींना सोडलं. तिच्या प्रकरणातूनच १९९७ चा विशाखा निकाल आला आणि पुढे २०१३ चा कायदा. आमच्या बाईंच्या वाट्याला आलं ते त्या भयंकराशी तोलण्यासारखं नाही. पण दोन्हीकडे गोष्ट एकच आहे: सरकारचं काम, बाईच्या एकटीच्या खांद्यावर, तिच्याच गावात, आणि पाठीशी कुणी नाही. हा धडा आपण एकदा फार मोठी किंमत मोजून शिकलो आहोत.

आता बाकीच्या ताणाकडे वळू. तो काही आभाळातून पडलेला नाही, माणसांनीच कामाच्या मांडणीत घालून ठेवलेला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं २७ वं कलम सांगतं की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना इतर अशैक्षणिक काम देऊ नये. पण हे अपवादच केवढे मोठे आहेत ते पाहा. मतदार यादीचं काम निवडणुकीच्या नावाखाली येतं आणि ते एका दिवसात संपत नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात बारा राज्यं-केंद्रशासित प्रदेशांत मतदार यादीचं विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झालं. त्यात महाराष्ट्र नव्हता. पण गुजरात, राजस्थान, केरळ, पश्चिम बंगाल इथून मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांच्या मृत्यूच्या, आत्महत्येच्याही बातम्या आल्या. त्यांतले कितीतरी जण शाळेत शिकवणारे होते. अखेर ४ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावं लागलं की या कामाला जादा माणसं द्या आणि ज्यांना खरी अडचण आहे त्यांना मोकळं करा. कामाच्या ओझ्याने माणूस मोडतो हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर येईपर्यंत आपण त्याला त्या माणसाचा कमकुवतपणा समजत होतो.

ओझ्याच्या जोडीला अविश्वास येतो. २०२२ साली महाराष्ट्रात आदेश निघाला की जिल्हा परिषद शाळांतल्या वर्गात शिक्षकाचा फोटो लावावा, ‘आपले गुरुजी’ म्हणून. हेतू सन्मानाचा सांगितला गेला, पण शिक्षकांना कळलं ते एवढंच की आपल्या जागी दुसरंच कुणी शिकवतं असा संशय आहे. मार्च २०२४ मध्ये पोशाखाचे नियम आले. बाईंनी साडी किंवा सलवार-कुडता-दुपट्टा घालावा, जीन्स-टीशर्ट नको. पावसात चिखलाची पायवाट तुडवत जाणाऱ्या बाईला काय सोयीचं, हे कुणी विचारलं नाही. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला की नोकरीत असलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी, नाही तर नोकरी सोडावी लागेल. मुलांना चांगले शिक्षक मिळावेत ही अपेक्षा रास्तच आहे. पण पंचेचाळीस वर्षांच्या, वीस वर्षं शिकवलेल्या बाईने कधी अभ्यास करायचा? तिच्या घरात तिला अभ्यासाला वेळ कोण देणार? आमच्या इमारतीतल्या एक बाई त्या निकालानंतर महिनाभर नीट झोपल्या नव्हत्या. परीक्षेची भीती होतीच. त्याहून जास्त बोचत होतं ते असं की घरात सगळे म्हणाले, “वीस वर्षं शिकवलंस ते काय मग?”

आपल्या रायगडाने तर एकामागून एक संकटं पाहिली आहेत. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आलं, शाळांची छपरं उडाली. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यात तळिये, जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी दरडीखाली गेली. अशा वस्तीतली मुलं कुठल्या ना कुठल्या शाळेच्या पटावर असतात. गेलेल्या मुलाच्या नावावर हजेरीपटात रेघ ओढण्याचं काम शिक्षकाचंच असतं. दरवर्षी दिवाळीनंतर कातकरी वाड्यांवरची कुटुंबं वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर निघून जातात आणि निम्मा वर्ग रिकामा होतो, तेव्हाही गळतीचा जाब शिक्षकालाच द्यावा लागतो. अशा वेळी त्या बाईला काय वाटतं हे बोलायची जागा कुठे आहे? केंद्राच्या बैठकीत आकडे विचारतात. घरी कुणाला ऐकायला वेळ नसतो.

आता मावशींचा प्रश्न. शाळा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शिक्षकच येतात. पण शाळेत सगळ्यात कमी पैशात राबणारी बाई चुलीपाशी असते. शालेय पोषण आहाराच्या स्वयंपाकी व मदतनीस बायांचं मानधन २०२३ साली महिन्याला १,५०० रुपयांवरून २,५०० रुपये झालं, तेही वर्षातल्या दहा महिन्यांचं. वेळेवर मिळालं तर. त्या मावशी विधवा आहेत. शाळेच्या बैठकीत त्यांना बसायला सांगत नाहीत. एखाद्या मुलाच्या पोटात दुखलं तरी पहिला संशय त्यांच्यावर. “धान्य आलं नाय तर मुलं माझ्या तोंडाकडे बघतात,” त्या म्हणाल्या. “बाईंना निदान खुर्ची हाय.” झोप त्यांनाही येत नाही. त्यांच्या झोपेवर शिबिर घ्यावं असं कुणाच्या मनात आलं नाही, माझ्याही नाही.

याच उतरंडीत मधल्या पायरीवर शिक्षणसेविका आहेत. ही योजना २००० साली आली. डी.एड. झालेल्या मुलीने तीन वर्षं मानधनावर काम करायचं. प्राथमिकला हे मानधन बरीच वर्षं ६,००० रुपये होतं, २०२३ साली ते १६,००० झालं. घरापासून लांब एकटी राहणारी, नोकरी कायम व्हायची आहे म्हणून कुणालाही नाही म्हणू न शकणारी अशी ही तरुण मुलगी. तिला वरिष्ठाने नको तो मेसेज केला तर ती कुठे जाणार? २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहापेक्षा कमी माणसं काम करतात तिथल्या बाईसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. आपल्या तालुक्यातल्या जवळजवळ सगळ्या वाडीशाळा याच गटात येतात. पण मी ज्या शिक्षिकांना विचारलं त्यांतल्या एकीलाही या समितीत कोण आहे हे सांगता आलं नाही. भीती मनात घेऊन जगणाऱ्या मुलीला श्वासाचे व्यायाम शिकवणं ही तिची थट्टा आहे.

आमच्या गटात मी हा विषय काढला तेव्हा एक कार्यकर्ती फटकन म्हणाली, “पन्नास-साठ हजार पगार घेतात. आमच्या वाडीच्या पोरांना मागे बसवतात, मारतात. त्यांची कसली दया?” ती स्वतः आदिवासी वाडीत वाढलेली. तिचा राग खोटा नाही. शाळेत मारणं आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायद्याने बंदी घातली आहे. कातकऱ्याच्या पोराला जातीवरून हिणवणाऱ्या शिक्षकाला ताणाची सबब चालणार नाही. हे मी ठामपणे म्हणते. पण तिला मी एवढंच म्हटलं की सुनेचा छळ करणाऱ्या सासूबद्दल आपण काय शिकलो? सासूला आपण निर्दोष ठरवलं नाही, पण तिच्यावर जे झालं ते सुनेपर्यंत कसं झिरपतं हे समजून घेतल्याशिवाय सुनेचा छळ थांबवता येत नाही, हेही आपण शिकलो. शाळेतही वरून येणारा दाब शेवटी सर्वांत खालच्यापर्यंत पोहोचतो. आणि तिथे बसलेलं असतं ते वाडीतलं मूल. मुलाच्या बाजूने उभं राहायचं असेल तर बाईच्या छातीतल्या धडधडीकडेही पाहावं लागेल. कार्यकर्ती गप्प बसली. तिला पटलं असं म्हणणार नाही. ती म्हणाली, “बघू.”

मदत अजिबात नाही असं नाही. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, कुठल्याही वेळी फोन करता येतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने २०२० साली मनोदर्पण उपक्रम सुरू केला तो विद्यार्थी आणि पालकांबरोबर शिक्षकांसाठीही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी मानसोपचार हा प्रत्येकाचा हक्क मानला आहे आणि उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचंही बंधन घातलं आहे. हे क्रमांक आणि हे हक्क प्रत्येक शिक्षक-कक्षात आणि प्रत्येक शाळेच्या चुलीपाशी पोहोचले पाहिजेत. औषधाची गरज असते तिथे औषध घ्यावं, त्यात लाज नाही. आमच्या बाई शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेल्या. मी बरोबर गेले. गोळ्यांनी त्यांची झोप परत आली. पण फाट्यावरची भीती गोळीने पूर्ण गेली नाही, कारण फाट्यापलीकडची वाडी तीच होती.

म्हणून केवळ उपचार पुरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातही एकेका माणसाला ताण सोसायला शिकवण्याच्या जोडीला कामाची मांडणी बदला आणि वरिष्ठांना शिकवा असं सांगितलं आहे. त्याच्याही आधी, ५ ऑक्टोबर १९६६ रोजी आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना आणि युनेस्को यांनी शिक्षकांच्या दर्जाबद्दल एक शिफारस मान्य केली. संसाराची जबाबदारी असलेल्या शिक्षिकांसाठी त्यात वेगळा भाग आहे: घराजवळ नेमणूक मिळावी, पती-पत्नी दोघं शिक्षक असतील तर एकाच परिसरात काम मिळावं, मुलांसाठी पाळणाघरं असावीत. जवळजवळ साठ वर्षं होत आली. पती-पत्नी एकत्रीकरणाची तरतूद बदल्यांच्या नियमांत आली, २०१८ साली राज्यात १८० दिवसांची बालसंगोपन रजा आली. ही कमाई संघटनांनी भांडून मिळवलेली आहे, ती कमी लेखू नये. पण दोन शिक्षकांच्या शाळेत बाईंनी रजा घेतली की बदली शिक्षक येत नाही. उरलेल्या एकावर सगळी शाळा पडते आणि त्या अपराधी भावनेने बाई रजाच घेत नाहीत.

इथे मला सावित्रीबाईंची आठवण होते. ३ जानेवारीला आपण सगळ्याच जणी त्यांच्यावर बोलतो: १८४८ ची शाळा, अंगावर आलेलं शेण आणि दगड. त्यांनी सोसलं एवढंच सांगून आपण शिक्षिकांना सांगतो, तुम्हीही सोसा. पण १० ऑक्टोबर १८५६ चं त्यांचं नायगावहून जोतिरावांना लिहिलेलं पत्र आपण कमी वाचतो. सावित्रीबाई आजारी पडून माहेरी विश्रांतीला गेल्या होत्या. आपल्या गैरहजेरीत फातिमाला शाळेचा त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशी काळजी त्या पत्रात आहे. म्हणजे पहिल्या शिक्षिकेनेही आजारपणाची रजा घेतली होती. तिच्या मागे काम सांभाळणारी मैत्रीण होती, समजून घेणारा नवरा होता, विसाव्याला माहेर होतं. सावित्रीबाई टिकल्या त्या नुसत्या सहनशक्तीवर नाहीत. योगायोग असा की १० ऑक्टोबर हाच आता जागतिक मानसिक आरोग्य दिन आहे. त्या दिवशी शाळांतून हे पत्र वाचलं जावं असं मला फार वाटतं.

मग आपण काय करावं? मोठे ठराव मी मांडत नाही. आपल्या गटांना उद्यापासून करता येईल एवढंच सांगते.

शाळेतल्या बाईच्या मदतीने एखादा बालविवाह थांबला, एखादा अत्याचार उघड झाला, तर ती बातमी अहवालात जाण्याआधी दोघीजणी तिच्या घरी जाऊ या. त्यानंतर निदान सहा महिने जात राहू या. गावात ग्रामसेवकही बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो. पुढची तक्रार त्याच्या आणि संघटनेच्या नावाने करू या, बाईंच्या नावाने नको.

प्रत्येक तालुक्यात स्थानिक समितीची आणि १४४१६ ची माहिती मराठीत छापून शाळाशाळांत लावू या. २०२२ पासून शाळेशाळेत सखी सावित्री समिती असायची आहे. ती कागदावर आहे का खरी, ते ग्रामसभेत विचारू या.

शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का, हा प्रश्न आपण मुलींसाठी विचारतोच, तो शिक्षिका आणि मावशींसाठीही विचारू या. मानधन थकलं तर मावशींबरोबर पंचायत समितीत जाऊ या. रात्री नऊनंतर माहिती मागवू नये ही मागणी शिक्षक संघटनांनी लावून धरावी आणि आपण तिला पाठिंबा द्यावा. या संघटनांच्या व्यासपीठावर बायका किती असतात, हेही त्यांना विचारावं.

आणि बसायला एक जागा द्यावी. वरसे इथे आम्ही महिन्यातून एका रविवारी दुपारी बसतो. शिक्षिका, शिक्षणसेविका, मावशी, सगळ्या एकाच सतरंजीवर. पहिल्या वेळी चौघीच आल्या. मावशी दाराशीच बसल्या, बाईंसमोर बोलेनात. दुसऱ्या वेळी एका शिक्षिकेनेच उठून चहा केला आणि मावशींच्या हातात पहिला कप दिला, तेव्हा कुठे त्या बोलल्या. दोन शिक्षिका एकदा येऊन परत आल्या नाहीत, त्यांना मावशींबरोबर बसणं रुचलं नसावं. जात आणि पगार सतरंजीने पुसले जात नाहीत, हे आम्हाला कळून आलं. तरी आता अकरा-बारा जणी येतात. मी तिथे व्याख्यान देत नाही.

त्या बाई अजून त्याच वाडीवर शिकवतात. या पावसाळ्यात आमच्यातल्या दोघीजणी ठरवून आठवड्यातून एकदा त्यांच्याबरोबर फाट्यापासून शाळेपर्यंत चालत गेल्या. वाडीतल्या बायांशी बोलल्या, त्यांच्या दारात बसल्या. एकदा त्या थांबलेल्या लग्नातल्या मुलीच्या आईनेच तांब्याभर पाणी आणून दिलं. ती काही बोलली नाही. मुलगी आता दहावीला आहे.

तुमच्या भागात शाळेतल्या बायकांसाठी असं काही होत असेल, किंवा करायला जाऊन फसलं असेल, तर जरूर लिहून कळवा. फसलेलंही कळवा. आम्हाला त्याचीच जास्त गरज आहे.